एम.ए.च्या प्रोजेक्टमध्ये ‘कशावरून’ आणायचा खटाटोप : नोंदी

बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं कॉलेज. एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष, तिसरं सेमिस्टर. नव्या शैक्षणिक धोरणात पीजीला रिसर्च प्रोजेक्ट आलाय, तिसऱ्या सेमला ४ क्रेडिट आणि चौथ्याला ६, म्हणजे पोरांना खरोखर काहीतरी लिहावं लागतं आणि गाईड म्हणून आपल्याला ते वाचावं लागतं. मी तासिका तत्त्वावर आहे, त्यामुळं खाली जे जादा तास दिसतील ते बिलात नाहीत, कुणाला असलं काही करायचं असंल तर हे आधीच धरून चाला. पटावर बावीस जण, नेमानं येणारे दहा-बारा. बाकीचे कुणी पुण्याला एमपीएससी करतंय, कुणी शेतात, कुणी दुकानावर.

२०२५ च्या पावसाळ्यापासून लिहिलेल्या नोंदी आहेत. थोड्या नीटनेटक्या केल्यात, पण जे फसलं ते तसंच ठेवलंय.

१० जुलै

मागच्या बॅचचे प्रोजेक्ट लायब्ररीतून काढून वाचले. पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच, भारत हा कृषिप्रधान देश आहे. मग महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती. मग पन्नास जणांची प्रश्नावली आणि तिचे पाय चार्ट, स्त्रिया किती पुरुष किती यालाच एक अख्खं पान. शेवटी उपाययोजना, शासनाने याकडे लक्ष द्यावे. आणि जेवढे वाचले त्यातलं एकही गृहीतक खोटं ठरलेलं नाही. सगळी सिद्ध. एवढी हुशारी तर कुठल्या देशात नसंल.

स्टाफरूममधलं नेहमीचं निदान म्हणजे पोरांचं मराठी कच्चं आहे. म्हणून मुद्दाम एक असा रिपोर्ट शोधला ज्यात शुद्धलेखन चांगलं होतं, ऱ्हस्वदीर्घ जागेवर, वाक्यं सरळ. त्यातही काही म्हणलेलंच नव्हतं. साठ पानं वाचून झाल्यावर हा पोरगा नेमकं काय सांगायलाय ते कळंना. म्हणजे दुखणं वेगळीकडंच आहे, दहावी-बारावीच्या निबंधाची सवय अजून गेलेली नाही. निबंधात कुणाशी वाद नसतो, फक्त विषयाबद्दल चांगलं बोलायचं असतं आणि शेवटी आपण सर्वांनी मिळून काहीतरी करायचं असतं.

१७ जुलै

वर्गात एक पान लिहायला दिलं, सोयाबीनला भाव का मिळत नाही. विषय मुद्दाम घरचा घेतला, वर्गात सोयाबीन नसलेलं घर शोधून सापडणार नाही.

लिहून आलं ते असं : “सोयाबीन हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. परंतु आज त्याची अवस्था दयनीय आहे.” सगळ्यांचं थोड्याफार फरकानं हेच. कागद गोळा केले, बाजूला ठेवले आणि म्हणलं आता बोला, भाव का नाही?

मग जे सुरू झालं ते तास संपला तरी थांबंना. एक म्हणला की गेल्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता पण आमच्याकडून सव्वाचार हजारानं सुद्धा कुणी नीट घेतलं नाही. दुसरा म्हणला केंद्रावर नेलं की ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून परत पाठवायचे, नंतर पंधरापर्यंत चालंल असं केलं पण तोवर आम्ही घालून मोकळे झालो होतो. तिसरा त्याला अडवून, अरे पण वाळवून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं का, आमच्या घरी ठेवलं. त्यावर पहिला, तुमच्याकडं पत्र्याचं शेड आहे, आमच्याकडं काय आहे, आन् दुकानदाराची उधारी कुणी थांबवायची? हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, त्यांना सांगून.

संध्याकाळी ऐकलं तर त्यात दावा होता, पुरावा होता, समोरच्याचा आक्षेप होता, त्याला उत्तर होतं. लेखनात जे नाही म्हणून आपण रडतो ते सगळं बोलण्यात होतं. पेन हातात घेतलं की पोरं भाषणाच्या आवाजात जातात. तेव्हा नवीन काही शिकवायचं नाही, जे कट्ट्यावर करतात ते कागदावर आणायचं, एवढंच काम धरलं.

२४ जुलै

हे फसलं. स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाची १९५८ ची युक्तिवादाची मांडणी आहे, सहा भागांची. मी तिचा मराठी तक्ता केला, दावा, पुरावा, दुवा, दुव्याचा आधार, मर्यादा, आक्षेप, सहा चौकटी, आणि सगळ्यांना झेरॉक्स दिल्या. पानाला दोन रुपये, आपल्याच खिशातून.

पोरांनी चौकटी भरल्या, पण स्कॉलरशिपचा फॉर्म भरल्यासारख्या. एकच वाक्य शब्द बदलून चार चौकटींत. ‘दुवा’ म्हणजे काय यातच अर्धा तास गेला आणि मलाही ते त्यांना कळंल असं सांगता येईना. एका पोरीनं विचारलं, सर हे परीक्षेला किती मार्काला येतं? तिथंच कळलं की आपण अजून एक टॉपिक तयार केलाय.

तक्ता बाद. त्याच्या जागी फळ्यावर तीन प्रश्न, बोलीतच लिहिले : काय म्हणायलास? कशावरून? समोरचा काय म्हणंल? टूलमिनचं नाव पुन्हा वर्गात काढलं नाही.

३१ जुलै

फक्त ‘कशावरून’. एका पोराचं वाक्य फळ्यावर घेतलं : “केंद्र सरकारने खाद्यतेलाचे आयात शुल्क कमी केल्यामुळे सोयाबीनचे भाव पडले.” वर्गात सगळ्यांना पटलेलं, पेपरात आलेलं, पुढारी पण हेच म्हणतात.

मी म्हणलं तारखा लावा. मोबाईलवर शोधायला सांगितलं, वीस मिनिटं. निघालं ते असं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, म्हणजे वाढवलं. त्यानंतरच्याच हंगामात भाव हमीभावाच्या खाली होता. शुल्क २० वरून १० वर आणलं ते मे २०२५ च्या अखेरीस, तोवर बहुतेकांचं सोयाबीन विकून झालेलं. म्हणजे कारण नंतर आणि परिणाम आधी.

वर्ग जरा गप्प झाला. मग ज्याचा मामा लातूरला तेलाच्या मिलमध्ये आहे तो म्हणला, सर सोयाबीनमध्ये तेल निघतं अठराएक टक्के, बाकी सगळी पेंड. पेंडीला भाव नसंल तर तेलाचं शुल्क कितीही वाढवा, मिलवाला बियाला भाव कसा देईल? आणि पेंडीला गिऱ्हाईक का नाही, तर इथेनॉलच्या कारखान्यातून मक्याचा-तांदळाचा जो चोथा निघतो तो कोंबडीखाद्यात स्वस्त पडतो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मामाकडून आलेलं होतं.

तासाच्या शेवटी वाक्य झालं : “२०२४ च्या हंगामात आयात शुल्क वाढवूनही सोयाबीन हमीभावाखाली राहिले, त्यामुळे भाव पडण्याचे कारण केवळ तेलाच्या आयातीत शोधता येत नाही, पेंडीची मागणीही पाहावी लागते.” ते पण त्यानंच लिहिलं, मी फक्त ‘केवळ’ सुचवलं. एका वाक्याला पूर्ण तास लागला. या वेगानं साठ पानं कशी व्हायची हा प्रश्न उरलाच. उत्तर मला तरी एवढंच दिसतं की साठ पानं नकोतच.

७ ऑगस्ट

वेगळीच अडचण. तारखांचा तास चांगला झाला म्हणून म्हणलं आता क्रमिक पुस्तकातला एक परिच्छेद घ्या आणि त्याला ‘कशावरून’ विचारा. कुणीच विचारंना. पेपरातल्या बातमीला विचारतात, पुढाऱ्याला विचारतात, एकमेकांना तर लगेच विचारतात, पण छापील पुस्तक आणि सर यांना नाही. “सर, तुम्ही म्हणाल ते लिहितो.” यात लाचारी नाही, घरच्यांनी लावलेलं वळण आहे, मोठ्या माणसाला उलटं बोलायचं नसतं. ते वळण वाईट आहे असं मला म्हणायचं पण नाही.

उपाय म्हणून प्रश्नाचा सूर बदलला. ‘हे चूक आहे का’ असं नाही विचारायचं, ‘हे आपल्या गावात लागू पडतं का’ असं विचारायचं. एवढ्या बदलानं हात वर व्हायला लागले. पुस्तकात लिहिलं होतं की सिंचन वाढलं की स्थलांतर घटतं. धारूरकडचा पोरगा म्हणला, आमच्या शेजारच्या गावात तलाव झाला तरी ऊसतोडीच्या टोळ्या तेवढ्याच जातात, कारण तलावाखाली जमीन ज्याची आहे तो आधी पण जात नव्हता. पुस्तकाला कुणी खोटं म्हणलं नाही, पण मर्यादा सांगितली. प्रोजेक्टमधल्या ‘मर्यादा’ या मथळ्याखाली जायला पाहिजे ते हे. वेळ व पैसा यांचा अभाव तर मलाही आहे.

१४ ऑगस्ट

आकड्यांचा तास. हा विषय घ्यावा का नको यावर बराच विचार केला, कारण वर्गात ऊसतोडीच्या घरच्या पोरी आहेत. आदल्या दिवशी दोघींना विचारलं, त्या म्हणल्या घ्या सर, सगळे बोलतातच की.

ऊसतोड बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याचा विषय. दोन आकडे फळ्यावर. एक, दोनशे बायकांच्या पाहणीतला ३६ टक्के. दुसरा, २०१९ ला शासनानं नेमलेल्या समितीसमोर आलेला, ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. टक्केवारी त्यांनाच काढायला लावली, १६.८४ आली. आता तुमच्या रिपोर्टमध्ये कोणता आकडा घ्याल?

पहिलं उत्तर, ३६ सर, मोठा आहे, प्रभाव पडतो. हे प्रामाणिक उत्तर होतं आणि त्यावरच तास चालला. दोनशे कुठल्या, कशा निवडल्या? ब्याऐंशी हजार मोजायला कोण गेलं होतं? केजकडची पोरगी म्हणली, सर वय विचारलं होतं का, कारण पन्नाशीची बाई आणि वीस वर्षाची बाई एकत्र मोजली तर आकडा कायपण येईल. आणि पुढं म्हणली, विचारणारा माणूस कोण होता, मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, शेजारी उभा असंल तर बाई काय सांगणार.

तिसरा आकडा मी दिला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा आकडा ३.२ टक्के, पण तो १५ ते ४९ वयाच्या बायकांचा. म्हणजे सोळा आणि तीन शेजारी ठेवून ‘पाचपट’ असं लिहिण्याआधी वयोगट जुळतो का ते बघावं लागतं. हे सांगितल्यावर एकजण म्हणला, मग काही झालंच नाही का? नाही, झालंय, तफावत एवढी आहे की वयानं सगळी भरून निघंल असं वाटत नाही, पण ‘वाटत नाही’ आणि ‘सिद्ध झाले’ यांच्या मधल्या जागेतच आपल्याला लिहायचंय.

मागं लिहून आलेलं वाक्य होतं, “बीडमध्ये प्रत्येक घरातील ऊसतोड महिलेची पिशवी काढलेली आहे.” नवीन आलेलं अडीच ओळींचं आहे, त्यात आकडा आहे, कुणात मोजला ते आहे, कशाशी तुलना करता येत नाही ते आहे. वाचायला थोडं जड झालंय. चालतंय.

२१ ऑगस्ट

औषध जास्त झालं. तीन-चार जण आता प्रत्येक गोष्टीला “सर सगळे आकडे खोटेच असतात” म्हणायलेत. शासनाचा आकडा खोटा, पेपरचा खोटा, पुस्तकाचा खोटा, मग मी लिहितो ते खरं. चिकित्सा म्हणता म्हणता ही कट्ट्यावरची टवाळी झाली, आणि ही पहिल्या भोळेपणापेक्षा अवघड, कारण यात पोराला आपण शहाणे झाल्यासारखं वाटतं.

नियम केला की संशय घेणाऱ्यानं पण ‘कशावरून’चं उत्तर द्यायचं. आकडा खोटा म्हणायचं असंल तर कुठं खोटा, मोजण्यात, निवडण्यात का छापण्यात? सांगता आलं नाही तर आकडा तसाच वापरायचा आणि स्रोत लिहायचा. दोघं वळणावर आले, एकजण अजून तसाच आहे.

मग पोळा, मग महालक्ष्म्या. वर्ग रिकामा.

८ सप्टेंबर

पहिले कच्चे चॅप्टर आले. निम्मे चॅटजीपीटीचे. ओळखायला कष्ट नाहीत, “बहुआयामी”, “महत्त्वपूर्ण भूमिका बजावते”, “सर्वसमावेशक दृष्टिकोन”, आमच्या पोरांच्या तोंडात हे शब्द मेल्यावर सुद्धा येणार नाहीत. एकाच्या संदर्भसूचीतली पुस्तकं शोधली तर तीन पुस्तकं जगात कुठं नाहीतच. लेखकाचं नाव, प्रकाशन, साल, सगळं व्यवस्थित, फक्त पुस्तक नाही.

बाकीच्यांनी जुन्या रिपोर्टमधून उचललेलं. युजीसीच्या २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, हे पोरांपर्यंत वेगळ्याच रूपात पोचलंय, की टक्का खाली आणला की झालं. म्हणून शेतकऱ्याचा बळीराजा करायचा, पाण्याचं जल करायचं, विहिरीची कूपनलिका. विहीर आणि कूपनलिका एक नाही हे अर्थशास्त्राच्या पोराला आणि शेतकऱ्याच्या पोराला, दोघांनाही माहीत असतं, पण टक्क्यासाठी केलं. त्यात टायपिंग सेंटरवाला जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून देतो, तो मजकूर मशीनला धड वाचताच येत नाही, मग टक्का आपोआप कमी. सगळे खूश.

बंदी घालून उपयोग नाही, मी घरी बसून पहारा देणार आहे का? म्हणून उलटं केलं. चॅटजीपीटीचं एक पान आणा, उघड आणा, आणि समासात प्रत्येक वाक्यापुढं ‘कशावरून’ लिहून तपासा, जे तपासता आलं नाही ते खोडा. बहुतेक पानं खोडून खोडून चार-पाच वाक्यांवर आली. एक पोरगी म्हणली, सर यापेक्षा मी स्वतः लिहिलं असतं तर लवकर झालं असतं. वर्गाचा बराच वेळ यात गेला, पण परत करावं लागलं तर सगळ्यात आधी हेच करीन, जुलैमध्येच.

२९ सप्टेंबर

आठवडाभर काही नाही. पाऊस असा झाला की मांजरा, सिंदफणा, सीना सगळ्या पात्राबाहेर. ज्यांची सोयाबीन काढून ठेवली होती त्यांची वाहून गेली, ज्यांची उभी होती तिला कोंब आले, नदीकाठच्यांची तर जमीनच खरडून गेली. ग्रुपवर प्रोजेक्टचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

९ ऑक्टोबर

कॉलेज सुरू. ज्या पोराचं चॅटजीपीटीचं पान सगळ्यात वाईट होतं त्यानं स्वतःहून दोन पानं आणून दिली, हातानं लिहिलेली. विषय, आमच्या शिवारातला पंचनामा. मदतीला पात्र व्हायला नुकसान ३३ टक्के किंवा जास्त लागतं. त्याचा प्रश्न, ३३ टक्के कशावरून ठरवलं? त्यानं तलाठ्याला विचारलं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय). बांधावरून बघितलं, का आत शिरून? एका गटाचा अंदाज शेजारच्या गटाला लावला का? पिकाचं ३३ टक्के वेगळं आणि जमीन खरडली ते वेगळ्या रकान्यात, हे किती जणांना सांगितलं? कोरडवाहूला आपत्ती निधीतून हेक्टरी ८,५०० चा दर, आणि त्याच्या घरचा एकरी खर्च त्यानं पावत्यांसकट मांडला होता.

आणि शेवटी जे लिहिलं होतं ते मी कुणालाच शिकवलेलं नव्हतं. तलाठ्याची बाजू. एका माणसाकडं किती गावं, किती दिवसांत अहवाल मागितला, रस्ते बंद, आत शिरायचं कसं. म्हणजे समोरचा काय म्हणंल हे त्यानं स्वतः जाऊन विचारून लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. मी एकाही चुकीला लाल पेन लावला नाही, ते शेवटच्या ड्राफ्टला बघू.

त्याला प्रोजेक्टचा विषय बदलू दिला. ऑफिसनं विषय नोंदवून झालेत म्हणून कटकट केली, नवीन अर्ज, नवीन सह्या, त्यात चार चकरा त्याच्या आणि दोन माझ्या. वर्थ होतं.

दुसऱ्या एकीनं शासनाचं पॅकेज, ३१,६२८ कोटी, ७ तारखेला जाहीर झालेलं, पुरावा म्हणून वापरलं. ‘शासनाने मोठी मदत केली’ या वाक्याला. वर्गानंच धरलं तिला, यात नवं किती, आधीच्या योजनांतलं किती, खात्यावर कधी, जाहीर झालं म्हणजे मिळालं का. मला बोलावं लागलं नाही.

१६ ऑक्टोबर

दसरा झाला, टोळ्या गेल्या. वर्गातली एक पोरगी आईवडिलांबरोबर गेलीये, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली आहे, त्यामुळं कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, मोडता येत नाही. फडातून लिहिणं होत नाही म्हणली. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठव म्हणलं. रात्री जेवणं झाली की व्हॉइस नोट येते, पाठीमागं बैलांच्या घंटा, बायकांचं बोलणं. मी ऐकून फक्त प्रश्न पाठवतो, तीनच, फळ्यावरचे. ती पुन्हा बोलते.

तिचं काम वर्गात बसणाऱ्यांपेक्षा चांगलं चाललंय हे लिहायला जरा अवघड वाटतंय. एक कारण सरळ आहे, ती बोलतीये, त्यामुळं ‘दयनीय अवस्था’ वगैरे येतच नाही. उचल किती, कुणाच्या नावावर, हिशोबात खाडे कसे धरतात, मुकादमाच्या वहीत आणि यांच्या ध्यानात किती फरक. नोट्स टाईप कोण करणार हा प्रश्न होता, मोबाईलचं बोलून-टाईप करायचं सॉफ्टवेअर आमच्या बोलीला चक्कर येऊन पडतं. शेवटी तिची मैत्रीण ऐकून उतरवून काढतीये. तिला त्याचं श्रेय प्रस्तावनेत द्यायचं ठरलंय.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर ‘समोरचा काय म्हणंल’ यावर जोर दिला. आतापर्यंत पोरं विरोधकाचं म्हणणं इतकं बावळट करून लिहायची की खोडायला फुंकर पुरंल. जुन्या शास्त्री लोकांची पद्धत बरी होती, आधी पूर्वपक्ष असा मांडायचा की त्या पक्षाच्या माणसानं मान हलवावी, मगच खंडन. तसाच नियम केला. ज्याच्या विरोधात लिहायलास त्याच्याकडून सही घेऊन ये, की होय, माझं म्हणणं हेच आहे.

जोडी लावली. एकाचा विषय, उसामुळं मराठवाड्याचं पाणी संपतंय. दुसऱ्याच्या घरी ऊस. पहिल्यानं लिहिलं, “काही लोकांच्या मते ऊस फायदेशीर आहे, परंतु हे चुकीचे आहे.” दुसऱ्यानं सही दिली नाही. म्हणला मी असं कधी म्हणलो? मी म्हणतो की उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, या हंगामाला टनाला ३,५५०, तो देणं कारखान्याला कायद्यानं बंधनकारक आहे. सोयाबीनचा हमीभाव या वर्षी ५,३२८ जाहीर झालाय, पण त्याखाली घेतलं म्हणून कुठल्या व्यापाऱ्याला शिक्षा आहे का? मग पाणी जास्त लागतं हे मला कळत नाही असं नाही, पण मी हमी कुठली धरू?

पहिल्याला हे सगळं लिहावं लागलं. तिसऱ्या वेळी सही मिळाली. आणि मग त्याचा स्वतःचाच निष्कर्ष बदलला, ‘उसावर बंदी घाला’ होतं ते आता असं झालंय की दुसऱ्या पिकाच्या भावाची हमी असल्याशिवाय पाण्याच्या नियमानं ऊस कमी होणार नाही. हे बरोबर आहे का यावर माझं त्याच्याशी पटत नाही. ठिबकचा मुद्दा त्यानं सोडलाय, एफआरपीचे पैसे थकतात ते पण सोडलंय. पण आता त्याच्याशी वाद घालता येतो. जुलैमधल्या रिपोर्टशी वाद घालायला काही नव्हतंच.

२४ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये चर्चा. एका सिनिअर सरांचं म्हणणं, हे सगळं ठीक आहे पण एक्स्टर्नलला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला, जाड ब्लॅक बुक, म्हणजे बांधलेला रिपोर्ट लागतो, तीस पानांचं बायंडिंग सुद्धा नीट होत नाही. दुसरं म्हणजे पोरांना नेट-सेट द्यायचीये, तिथं पर्याय निवडायचे असतात, ‘कशावरून’ कोण विचारतंय. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. पहिल्यासाठी तडजोड केली, प्रश्नावल्या, पावत्यांच्या झेरॉक्स, नकाशे, उतरवलेल्या व्हॉइस नोट्स सगळं परिशिष्टात. जाडी आली.

बायंडिंग, प्रिंट, झेरॉक्स मिळून पोराला सातशे-आठशे रुपये पडतात. जे दोनदा विषय बदलून आले त्यांचं जास्त गेलं. मी पहिल्या ड्राफ्टची प्रिंट बंद केली, वहीतच आणा म्हणलं. वहीत खोडायला पण हात धजतो, प्रिंट काढलेलं खोडायला पोरांचा जीव होत नाही.

१५ डिसेंबर

जमा झाले. नियमित आलेल्यांपैकी चार-पाच जणांचं लेखन खरोखर बदललंय. तिघा-चौघांचा मधला एक चॅप्टर चांगला आणि पुढचा-मागचा तसाच, कृषिप्रधान देशासकट. जे तासाला नव्हते त्यांच्यात काडीचा फरक नाही, त्यांनी फळ्याचा फोटो मागवून तीन प्रश्न रिपोर्टमध्ये मथळे म्हणून टाकलेत. ‘समोरचा काय म्हणंल’ या मथळ्याखाली एकानं लिहिलंय, “समोरच्याचे काहीही म्हणणे नाही.”

पंचनाम्यावाल्या पोराचं एक गृहीतक फेटाळलं गेलं. त्याला वाटलेलं, नदीकाठच्या लहान शेतकऱ्यांना वगळलं असणार. त्याच्या चाळीस घरांत वगळलेले सगळ्यात जास्त निघाले ते बटईनं करणारे, कारण सातबाऱ्यावर नावच नाही, जमीन लहान असो का मोठी. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, गृहीतक सिद्ध का झालं नाही, प्रश्नावली चुकली का? तो म्हणला, नाही सर, मीच चुकीचं धरलं होतं, आकड्यावरून कळलं. त्यांनी बराच वेळ परिशिष्ट चाळलं. मार्क चांगले दिले, सर्वात जास्त मात्र दुसऱ्यालाच, ज्याच्या ब्लॅक बुकवर सोनेरी अक्षरं होती.

२२ डिसेंबर

चौथ्या सेमसाठी ठरवलेलं, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी इथंच लिहून ठेवतो. विषय नोंदवायचा फॉर्म पहिल्या महिन्यात भरायचा नाही, ऑफिसशी आधीच बोलून तारीख पुढं घ्यायची. पहिला ड्राफ्ट बोलून, दुसरा वहीत, टायपिंग फक्त शेवटी आणि युनिकोडमध्येच, टायपिंगवाल्याला तसं बजावून. प्रश्नावली छापण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढं लिहायचं की उत्तर काय आलं तर माझं गृहीतक खोटं ठरंल, आणि असा एकही प्रश्न नसंल तर प्रश्नावली परत. सहीची जोडी ऑगस्टलाच लावायला पाहिजे होती, आता जानेवारीत लावतो. ऊसतोडीला गेलेली पोरगी मार्च-एप्रिलला परत येईल, तिचे तास तोवर रात्री साडेनऊनंतर, फोनवर.